‘लिहिले’ म्हणजे नेमके कुठे लिहिले? डिस्कवरचे लेखन फसते तेव्हा

शनिवार पेठेत माझ्या मावसभावाचे डीटीपीचे छोटेसे काम आहे. नवरात्र लागले की दिवाळी अंकांच्या पानांसाठी त्याच्याकडे रात्री अकरा-बारापर्यंत दिवे चालू असतात. गेल्या वर्षी अशाच एका रात्री संगणकावर जागा उरली नाही, म्हणून त्याने एका अंकाच्या तयार पानांचे फोल्डर कट-पेस्ट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, काम पूर्ण झाल्याचे दिसले, आणि त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत टेबल सारताना डिस्कची केबल ओढली गेली. सकाळी डिस्क पुन्हा जोडली तेव्हा फाइलींची नावे जागेवर होती, पण त्यांतल्या बऱ्याचशा फाइलींचा आकार शून्य होता, आणि मूळ फाइली तर हलवण्याच्या कामातच पुसल्या गेल्या होत्या. त्याने मला फोन करून एकच प्रश्न विचारला: “दादा, पूर्ण झाल्याचे दाखवले होते ना? मग पाने गेली कुठे?”

त्याच्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, लॉग उघडून पाहिला, तेव्हा केबल निघाल्याच्या नोंदीखाली ‘आय-ओ एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर’ अशा ओळींची रांग होती आणि तिच्याखाली ‘डिटेक्टेड आय-ओ एरर्स व्हाइल फ्लशिंग फाइल डेटा’ अशी एक ओळ होती. लेखन फसल्याचे ऑपरेटिंग सिस्टीमला कळले होते आणि तिने ते लिहूनही ठेवले होते, पण ज्याला ते कळायला हवे होते त्याला ते कळले नाही. असे का व्हावे, हे नीट समजून घ्यायचे तर अक्षरे मेमरीतून डिस्कपर्यंत कशी जातात आणि वाटेत कोण कोणाला काय कळवतो, हे पाहावे लागते.

सरकारी कचेरीत अर्ज दिला की आवक विभागातला कारकून आपल्या प्रतीवर शिक्का मारून देतो. ती पोच असते. अर्ज खिडकीपाशी पोचला एवढेच त्या शिक्क्याने सिद्ध होते. तो साहेबांच्या टेबलावर गेला की नाही, त्यावर सही झाली की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. संगणकात ‘राइट’ ही विनंती केली की जवळपास हेच घडते. प्रोग्रामने दिलेला मजकूर कर्नल आपल्या मेमरीतल्या एका साठ्यात, ज्याला पेज कॅशे म्हणतात, उतरवून घेतो, त्या पानावर ‘हे अजून डिस्कवर गेलेले नाही’ अशी खूण करतो आणि प्रोग्रामला लगेच ‘झाले’ असे कळवतो. अशा खूण केलेल्या पानांना डर्टी पेज म्हणतात. लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार ही पाने खाली पाठवणारे काम दर ५ सेकंदांनी जागे होते आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने डिस्ककडे रवाना करते. मेमरीत अशी पाने फार साचली तर त्याआधीही करते.

ही घाई कोणी आळसाने किंवा बेफिकिरीने केलेली नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. मेमरीतले काम याच्या हजारो पट लवकर उरकते. प्रत्येक लहानसहान लेखनासाठी प्रोग्रामला तबकडीची वाट पाहायला लावली, तर एक साधे फोल्डर हलवायलाही असह्य वेळ लागेल. म्हणून पोच आधी आणि काम मागाहून, ही पद्धत जवळजवळ सगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमांनी पत्करली आहे. त्या पद्धतीची किंमत अशी की चूक होते तेव्हा विनंती करणारा बहुतेक वेळा खिडकीसमोरून निघून गेलेला असतो.

ड्रायव्हरच्या हाती काय असते

डिस्क ड्रायव्हर, म्हणजे कर्नलचा डिस्कशी बोलणारा भाग, या साखळीत बराच खाली बसतो. फाइल, फोल्डर, पान यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. डिस्कची जागा सेक्टर नावाच्या लहान, क्रमांकित तुकड्यांत विभागलेली असते. ‘अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून इतके सेक्टर, मेमरीतल्या अमुक ठिकाणचा मजकूर’ एवढाच हुकूम त्याच्याकडे येतो आणि तो डिस्कला समजेल अशा भाषेत तो पुढे देतो. मग त्याच्यासमोर तीन शक्यता असतात. डिस्क ‘झाले’ म्हणते, ‘झाले नाही’ म्हणून कारण सांगते, किंवा काहीच बोलत नाही.

कारण सांगितले असेल तर ड्रायव्हरला निर्णय करता येतो. स्कझी, म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यातल्या संवादाची एक ठरलेली भाषा, वापरणाऱ्या उपकरणांत या कारणांना ठरलेले क्रमांक आहेत: ३ म्हणजे माध्यमात दोष, ४ म्हणजे यंत्रात दोष, ६ म्हणजे उपकरणाची स्थिती मधल्या काळात बदलली, ७ म्हणजे लिहिण्यास मनाई, आणि ११ म्हणजे उपकरणाने हुकूम अर्धवट सोडला. कॅमेऱ्याच्या कार्डावरची कुलूप-कळ लावलेली असेल, तर पुन्हा पुन्हा लिहून पाहण्यात अर्थ नसतो आणि ड्रायव्हर ती चूक तशीच वर पाठवतो. याउलट उपकरण नुकतेच रीसेट झाले असेल किंवा तारेतून जाताना बिट बिघडले असतील, तर पुन्हा प्रयत्न केल्यास काम होण्याची शक्यता चांगली असते. लिनक्सचा स्कझी डिस्क ड्रायव्हर असे साधारण ५ पुनःप्रयत्न करतो. ही कल्पना फार जुनी आहे. १९७५ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीत आरके नावाच्या डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये एक साधा मोजणी-चल होता आणि १० वेळा प्रयत्न फसले की ड्रायव्हर त्या बफरवर, म्हणजे मेमरीतल्या त्या मजकुराच्या तुकड्यावर, चूक झाल्याची खूण करून मोकळा होई. अर्ध्या शतकात बाकीचे बरेच बदलले, पण ‘थोडे प्रयत्न करावेत, मग हात टेकावेत आणि वर कळवावे’ हा सांगाडा तोच आहे.

लेखनाचा पुनःप्रयत्न सहसा निर्धोक असतो. खतावणीतल्या त्याच ओळीत तीच रक्कम दुसऱ्यांदा गिरवली तर हिशेब बदलत नाही. तसेच त्याच सेक्टरवर तोच मजकूर दोनदा लिहिला तर बिघडत नाही. मात्र डिस्क गप्प बसते तेव्हा हा सोपेपणा उरत नाही, आणि ड्रायव्हरच्या कामातला सगळ्यांत नाजूक भाग इथे सुरू होतो.

लिनक्समध्ये एका हुकमासाठी नेहमी ३० सेकंद वाट पाहिली जाते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर हुकूम हरवला, डिस्क अडकली, की डिस्क अजून झगडतेच आहे, हे ड्रायव्हरला ठरवता येत नाही. अशा वेळी सरळ तोच हुकूम पुन्हा देणे धोक्याचे असते. समजा, पहिला हुकूम डिस्कच्या पोटात अजून जिवंत आहे, दुसरा हुकूम यशस्वी झाला, त्याच सेक्टरवर त्यानंतर नवा मजकूरही लिहिला गेला, आणि मग तो अडकलेला जुना हुकूम जागा होऊन जुना मजकूर वर लिहून बसला. आता प्रत्येक हुकमाची पोच ‘यशस्वी’ आहे, आणि डिस्कवरचा मजकूर चुकीचा आहे. म्हणून पुन्हा हुकूम देण्याआधी पहिला हुकूम खरोखर मेला आहे याची खात्री करावी लागते. ड्रायव्हर आधी तो एक हुकूम रद्द करण्याची विनंती करतो. तिला दाद मिळाली नाही तर उपकरण रीसेट करतो. त्यानेही भागले नाही तर ज्या मार्गावर ते उपकरण आहे तो मार्ग, आणि शेवटी डिस्का ज्याला जोडलेल्या असतात तो कंट्रोलरच रीसेट करतो. प्रत्येक पायरीवर अधिक जणांना त्रास होतो, कारण त्याच कंट्रोलरवरच्या इतर निरोगी डिस्कांचेही काम थांबते. एवढे करूनही उत्तर आले नाही तर उपकरण ‘ऑफलाइन’ ठरवले जाते आणि त्यानंतरची प्रत्येक विनंती तत्काळ नाकारली जाते. एखादी डिस्क खराब होत असताना सगळा संगणकच मिनिट-दोन मिनिटे गोठल्यासारखा वाटतो, त्यामागे बहुतेक वेळा ही पायरी-पायरीची खटपट असते. त्या वेळी वीज बंद करण्याची घाई न करणे फार महत्त्वाचे आहे, असे मी कळकळीने सांगेन.

साटा जोडणीच्या डिस्कांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. त्या एका वेळी ३२ पर्यंत हुकूम रांगेत घेऊ शकतात, पण त्यांतला एक फसला की डिस्क रांगेतले सगळेच हुकूम सोडून देते. मग ड्रायव्हरला डिस्ककडून एक खास नोंद वाचून खरा दोषी हुकूम कोणता हे शोधावे लागते आणि बाकीचे निरपराध हुकूम पुन्हा रांगेत लावावे लागतात. चुका वारंवार तारेवर होत आहेत असे दिसले, तर तो जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ गिगाबिटवर उतरवूनही पाहतो.

डिस्क स्वतः काय लपवते

ड्रायव्हरला दिसणारे चित्र डिस्कच्या फर्मवेअरने, म्हणजे तिच्या आतच बसवलेल्या प्रोग्रामने, आधीच गाळून दिलेले असते. हार्ड डिस्कमध्ये काही सेक्टर राखीव ठेवलेले असतात. एखादी जागा निकामी ठरली की फर्मवेअर त्या सेक्टरचा क्रमांक गुपचूप राखीव जागेकडे वळवते आणि वर ‘झाले’ असे कळवते. तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर लिहिणाऱ्या एसएसडीमध्ये तर हे रोजचेच आहे. फ्लॅशचा एखादा ब्लॉक लिहून घेईना तर मजकूर दुसऱ्या ब्लॉकवर जातो आणि पहिला कायमचा बाद होतो.

यातून एक गोष्ट निघते जी अनेकांना उलटी वाटते. साधारण हार्ड डिस्क लिहिल्यानंतर तेच पुन्हा वाचून पडताळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग खराब असला तरी लेखन यशस्वी ठरते आणि दोष उघडा पडतो तो पुढे केव्हातरी वाचताना. त्या न वाचता येणाऱ्या सेक्टरवर नवे काही लिहिले की फर्मवेअरला जागा बदलण्याची संधी मिळते आणि दोष दिसेनासा होतो. म्हणजे वाचनातल्या चुका लेखनाने झाकल्या जातात. मग माध्यमातल्या दोषाचे कारण देऊन लेखनच फसले असेल, तर ते गंभीर आहे: राखीव जागा संपली असण्याची किंवा हेडची हालचालच बिघडली असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशी डिस्क मी त्याच दिवशी कामातून काढतो.

डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या स्मार्ट नावाच्या नोंदींत याचा माग मिळतो. ५ व्या क्रमांकाची नोंद आजवर वळवलेले सेक्टर सांगते, १९७ वी निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर सांगते, आणि १९९ वी तारेवर बिघडलेल्या देवाणघेवाणी मोजते. ५ आणि १९७ शांत असून १९९ वाढत असेल, तर डिस्क बदलण्याआधी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नवी केबल आणावी. चांगली डिस्क केबलच्या दोषापायी भंगारात गेलेली मी पाहिली आहे.

डिस्कमध्येही स्वतःची थोडी मेमरी असते आणि मजकूर तिथे पोचला की डिस्क ‘झाले’ म्हणून मोकळी होते. म्हणजे आवक खिडकीच्या मागे आणखी एक आवक खिडकी. वीज गेली तर साध्या डिस्कच्या या मेमरीतला मजकूरही जातो. म्हणून ‘तुझ्याजवळचे सगळे खरोखर तबकडीवर उतरव आणि मगच सांग’ असा एक वेगळा हुकूम आहे. त्याला फ्लश म्हणतात. तो फसला तर नेमका कोणता मजकूर गेला हे डिस्क नेहमी सांगू शकत नाही, त्यामुळे त्या चुकीला एका सेक्टरच्या चुकीहून जास्त वजन द्यावे लागते.

चूक सांगायची कोणाला?

ड्रायव्हरने हात टेकले की चूक वर चढू लागते, आणि मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न इथे उभा राहतो. प्रोग्रामला पोच देऊन अर्धे मिनिट झाले आहे. त्याने फाइल बंदही केली असेल, कदाचित तो प्रोग्रामही संपला असेल. तर कर्नलने ही बातमी द्यायची कोणाला?

यासाठी एफसिंक नावाची विनंती आहे. ती करणारा प्रोग्राम म्हणतो, ‘या फाइलचे जे काही बाकी आहे ते डिस्कवर पोचेपर्यंत मी इथेच थांबतो, काही फसले असेल तर मला सांग.’ साधे राइट म्हणजे आवक शिक्का असेल, तर एफसिंक म्हणजे सही होऊन परत आलेली प्रत. मागाहून झालेल्या लेखनातली चूक प्रोग्रामच्या हाती देणारी ही भरवशाची वाट आहे. नुसती फाइल बंद केल्याने ती चूक कळेलच असे नाही.

पण ही वाटही वाटते तितकी सरळ नव्हती, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले. त्यांचा समज असा होता की एफसिंक फसले तर थोड्या वेळाने ते पुन्हा करावे, आणि दुसऱ्यांदा यश मिळाले तर सगळे डिस्कवर गेले. लिनक्समध्ये घडत होते ते वेगळेच. लेखन फसलेल्या पानावरची ‘अजून गेलेले नाही’ ही खूण कर्नल पुसून टाकत होता. दुसऱ्या एफसिंकला पाठवण्यासारखे काही उरलेलेच नसल्याने ते यशस्वी होत होते, आणि त्या यशावर विसंबून डेटाबेस आपली दुरुस्तीची वही, म्हणजे बिघाडानंतर बदल पुन्हा करता यावेत म्हणून ठेवलेली नोंद, पुढे सरकवत होता. त्याहून फसवे म्हणजे, ते पान मेमरीत असेपर्यंत वाचणाऱ्याला नवा मजकूर दिसे. मेमरीची गरज पडून पान बाहेर गेले की डिस्कवरचा जुना मजकूर परत येई.

खूण पुसण्यामागेही कारण होते आणि ते समजून घेतले पाहिजे. माझ्या भावासारखी कोणी केबल ओढली, तर ती पाने ज्या डिस्कवर जायची ती डिस्कच आता नाही. पाने ‘अजून गेलेली नाहीत’ म्हणून कायम धरून ठेवली, तर ती कधीच मोकळी होणार नाहीत आणि हळूहळू सगळी मेमरी अशा निराधार पानांनी भरेल. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला चालता संगणक, अशी ती निवड आहे, आणि तिला पूर्ण समाधानकारक उत्तर आजही नाही.

सुधारणा झाली ती बातमी पोचवण्याच्या बाजूने. २०१७ च्या ४.१३ या आवृत्तीपासून लिनक्स प्रत्येक फाइलच्या चुकीला क्रमाची खूण जोडून ठेवतो, त्यामुळे फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती चूक एकेकदा कळते. पूर्वी पहिल्या विचारणाऱ्याला कळली की दुसऱ्याला कळत नसे. २०१८ च्या चर्चेनंतर अजून कोणालाच न कळवलेली चूक नंतर फाइल उघडणाऱ्यालाही कळेल अशी सोय झाली. पोस्टग्रेसने आपल्या बाजूने फेब्रुवारी २०१९ पासून धोरण बदलले: एफसिंक फसले की डेटाबेस स्वतःहून थांबतो आणि पुन्हा सुरू होताना आपल्या वहीतून सगळ्या नोंदी नव्याने डिस्कवर उतरवतो. वरवर हे कठोर दिसते, पण फसलेल्या एफसिंकनंतर कर्नलकडच्या प्रतीवर विश्वास ठेवता येत नाही, आणि स्वतःजवळची प्रत पुन्हा लिहिणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो.

फाइल सिस्टीमचा पवित्रा

फसलेले लेखन एखाद्या फाइलच्या मजकुराचे असेल तर नुकसान त्या फाइलपुरते राहते. ते फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींचे, म्हणजे कोणती जागा कोणाची आहे या हिशेबाचे असेल, तर पुढचे प्रत्येक लेखन चुकीच्या नकाशावर होण्याचा धोका असतो. म्हणून लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम आपल्या नोंदवहीत लिहिता येईनासे झाले की काम थांबवते आणि सगळी डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते. एक्सएफएस तर अशा वेळी फाइल सिस्टीम पूर्ण बंद करते. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ हा संदेश पाहून लोक घाबरतात आणि जबरदस्तीने ती पुन्हा लिहिती करतात. तसे करू नये. त्या क्षणी वाचता येते आहे तोवर मजकूर दुसरीकडे काढून घ्यावा. विंडोजमध्ये ‘डिलेड राइट फेल्ड’ ही सूचना याच घराण्यातली आहे: पोच देऊन झाली होती, लेखन मागाहून फसले, आणि निदान पडद्यासमोर जो बसला आहे त्याला तरी कळावे म्हणून ती येते. विंडोजच्या इव्हेंट नोंदींत १५३ हा क्रमांक दिसला तर विनंती पुन्हा करावी लागली असे समजावे.

अनेक डिस्का एकत्र जोडलेल्या रेड रचनेत लेखन फसलेली डिस्क सहसा गटाबाहेर काढली जाते आणि काम उरलेल्यांवर चालू राहते. तिथे डिस्कने स्वतःशी झगडत बसण्यापेक्षा लवकर हार मानणे हिताचे असते. म्हणून त्यासाठी बनवलेल्या डिस्का साधारण ७ सेकंदांत चूक कबूल करतात, तर घरगुती डिस्का ड्रायव्हरच्या ३० सेकंदांहूनही जास्त वेळ घेऊ शकतात, आणि तेवढ्यात ड्रायव्हर त्यांना मेलेले समजून रीसेट करून बसतो.

शनिवार पेठेतल्या त्या फाइलींचे काय झाले, तर संपादकांना तपासणीसाठी ईमेलने पाठवलेल्या पीडीएफवरून चार दिवसांत पाने पुन्हा लावली गेली. हलवणे म्हणजे आधी नक्कल आणि मग मूळ पुसणे. ती नक्कल मेमरीत होती आणि मूळ खरोखर पुसले गेले होते. म्हणून आता तिथे कट-पेस्ट होत नाही. भाऊ आधी नक्कल करतो आणि डिस्क रीतसर इजेक्ट करतो. मग केबल काढून पुन्हा जोडतो आणि त्यानंतरच मूळ आणि नक्कल यांचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवतो. केबल काढून जोडण्याचा हट्ट माझा आहे, कारण नक्कल केल्याबरोबर तुलना केली तर कर्नल मेमरीतलीच पाने वाचायला देतो आणि डिस्कवर काय आहे ते कळतच नाही. इजेक्ट म्हटल्यावर मोठ्या अंकाच्या वेळी पडद्यावर ‘अजून लिहिणे चालू आहे’ असा संदेश बराच वेळ राहतो, आणि तो जाईपर्यंत त्या टेबलाला कोणी हात लावत नाही.